मिठाच्या डब्याचं कुलूप

११ फेब्रुवारी

मासोळे,

फोनवर तू दहा वाक्यं बोलतेस, मला त्यातली चार ऐकू येतात, आणि त्या चारांना मी "हो हो" म्हणतो. परवा कशाला हो म्हणालो कुणास ठाऊक. म्हणून हे पत्र. पत्राला कान लागत नाहीत.

घरात चोरी झाली आहे. चोर तुझी मावशी, माल मीठ. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, रक्तदाब चढलाय, रोज गोळी घ्या, मीठ निम्मं करा. इतके दिवस बाईंनी मुकाट्याने पाळलं. आता दोन महिने झाले, काय संचारलंय देव जाणे. सूपमध्ये मीठ, काकडीवर मीठ, सफरचंदावरसुद्धा मीठ! परवा मी दुकानातून लवकर आलो तर ही ओट्याशी उभी राहून तळहातावरचं मीठ चाटत होती. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" तर म्हणते, "हात धुवायला निघाले होते."

अडतीस वर्षं मी लोकांच्या गोदामांना कुलपं लावतोय, मग घरच्या मिठाला लावायला काय हरकत आहे? डब्याला दोन कड्या जोडल्या आणि बोटभर कुलूप अडकवलं. तिसऱ्या दिवशी तिने ते केसांच्या पिनेने उघडलं. उघडलं ते उघडलं, वर पुन्हा नीट लावूनही ठेवलं! डब्यात चमचा सापडला तेव्हा मला कळलं. विद्या माझीच, कुणाकडे तक्रार करू?

पण एक सांगतो, पथ्याचा गुण येतोय. गेल्या वर्षी दीडशेच्या वर असायचा वरचा आकडा, या वेळी एकशेबारा. अंगानेही हलकी झालीये, दहा वर्षांपूर्वीचे कपडे होतात. मी तर खूश आहे.

तू तिकडे माशांचं नक्की काय करतेस ते एकदा समजेल असं लिही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई विचारतात. मी सांगतो, "मासे पाण्यात कसे राहतात त्याचा अभ्यास," आणि त्या माझ्याकडे बघत राहतात.

तुझा काका

—

१९ फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. मावशीला सांगा, तिच्या पिनेला इथे टाळ्या पडल्या.

आता मासे. नदीचं पाणी गोडं, माशाच्या रक्तात मीठ. त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत घुसतं आणि आतलं मीठ बाहेर निसटतं. म्हणून नदीतला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, दिवसभर लघवी करत सुटतो, आणि कल्ल्यांनी पाण्यातलं कणकण मीठ ओढून घेतो. समुद्रात गेला की सगळं उलटं. तिथे अंगातलं पाणी बाहेर पळतं. मग समुद्राचं पाणी ढोसायचं आणि त्यातलं जास्तीचं मीठ त्याच कल्ल्यांनी बाहेर फेकायचं. आमचे सॅमन नदीत जन्मतात आणि थोडे मोठे झाले की समुद्राकडे निघतात. म्हणजे जे दार जन्मभर आत उघडत होतं ते बाहेर उघडायला लावायचं, आणि तेही घरात माणसं राहत असताना. हे सुतारकाम हार्मोन करतात. त्यातला मोठा मिस्त्री म्हणजे कॉर्टिसॉल.

माझ्याकडे दोन टाक्या आहेत. पहिली साधी. दुसऱ्या टाकीतल्या माशांना मी असं औषध देतेय की त्यांच्या अंगात कॉर्टिसॉल तयारच होऊ नये. दहा एप्रिलला दोन्ही टाक्यांत समुद्राचं पाणी सोडायचं आणि बघायचं कोण तगतं. चार वर्षांचं काम त्या एका दिवसावर आहे.

मावशीचं म्हणाल, तर कुलूप काढू नका. एकशेबारा म्हणजे कमालच झाली! अगदीच अळणी जात नसेल तर औषधाच्या दुकानात पथ्याचं मीठ मिळतं. त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं. ते आणा. कुरकुर केली तर सांगा, मिठातलं या घरात कुणाला कळत असेल तर ते मला.

तुमची मासोळी

—

६ मार्च

बाळे,

तुझं पत्र यांनी मला मोठ्यांदा वाचून दाखवलं, स्वतःला ऐकू यावं म्हणून. माशांची लघवी खालच्या मजल्यापर्यंत पोचली. शिंपीणबाई आता यांना काही विचारत नाहीत.

मी ठणठणीत आहे. हे उगाच राईचा पर्वत करतात. जिना तेवढा लांबल्यासारखा वाटतो, मी झोपले की कुणीतरी दोन पायऱ्या जास्त बसवून जातं बहुतेक. वय झालं, दुसरं काय. दुपारी गच्चीत खुर्ची टाकून बसते, बरं वाटतं.

पथ्याचं मीठ आणलंय. कडवट लागतं. पण तू सांगितलंस म्हणून खाते.

एक विचारू? हसशील. मासा नदीत असताना त्याच्या अंगातलं मीठ निसटत असतं म्हणालीस ना, तर तेव्हा त्याला मीठ खावंसं वाटतं का गं? म्हणजे दुसरं काही सुचू नये, इतकं?

तुझी दहा तारीख नीट पार पडू दे. त्याआधी इकडे यायची अजिबात घाई करू नकोस. तू आठ वर्षांची असताना आमच्याकडे आलीस तेव्हापासून बघतेय, जरा कुणी शिंकलं की तू दप्तर टाकून शेजारी येऊन बसायचीस. तसलं काही करायचं नाही.

मावशी

—

१४ मार्च

मावशे,

हसले, खरंच हसले. माशाला काय वाटतं ते विचारता येत नाही, म्हणून तर आम्ही रक्त काढतो!

मार्चअखेर दोन दिवस येणार होते, ते आता जमत नाही. पहिल्या टाकीतल्या माशांवर चांदी चढायला लागलीये. समुद्राकडे निघायच्या आधी ते असे चकचकीत होतात. दुसऱ्या टाकीतले मात्र काळपटच राहिलेत. खाणं टाकलं तर वर येत नाहीत, तळाशी गप्प बसून असतात. आमच्याकडे रक्त काढणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना सुईबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "हे मासे नव्हेत, सोमवारी सकाळची माणसं आहेत." महिनाअखेरीला त्यांचं रक्त तपासायचं आहे.

जिन्याचं मनावर घेऊ नकोस. वजन उतरलं की सुरुवातीला थोडा थकवा येतो. कडवट मीठ चालू ठेव.

तुझी लाडकी

—

२५ मार्च

मासोळे,

जिंकलो! आधीचं कुलूप काढून चार लीव्हरचं बसवलं, पिनेला न बधणारं. आठवडा झाला, बाईंनी हात टेकले. काल मी कुलूप ओढून बघितलं, जसंच्या तसं. मी म्हटलं, "काय, हरलात ना?" तर नुसती हसली.

रक्तदाब चौऱ्याण्णव. औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा म्हणाला, "काका, तरुणांचा नसतो एवढा."

पण एक-दोन गोष्टी लिहितो, तिला सांगू नकोस. ती खात नाही. तुझं पथ्याचं मीठ घातलेलं तर घासभरही जात नाही, दोनदा उलटी झाली. सोमवारी खुर्चीतून उठली आणि सरळ खालीच बसली. म्हणाली, पाय घसरला. पण मासोळे, तिथे गालिचा आहे, घसरणार कसा?

आणि गच्चीत बसून बसून काळवंडलीये. चेहऱ्याचं समजू शकतो, पण तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या झाल्यात. माझ्या आहेत तशा, कानशीने घासलेल्या लोखंडाच्या भुकटीने भरलेल्या. मी थट्टेने म्हटलं, "माझ्या धंद्यात शिरलीस की काय?" मनगटावर तो जुना भाजल्याचा डाग आहे ना, तोही काळा पडलाय. ऊन तळहाताला कसं लागतं गं?

असो. आकडा चांगला आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. तू तुझं काम कर.

काका

—

३० मार्च, दुपार

काका,

चारची सामानाची गाडी शहराकडे निघतेय, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे थेट हॉस्पिटलात पाठवतेय. मला पहिली बस उद्या सकाळी आहे, म्हणजे माझ्या आधी हे तुमच्या हातात पडेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू आलं नसतं म्हणून शिंपीणबाईंना फोन केला. त्या तुम्हा दोघांना घेऊन हॉस्पिटलात निघाल्या असतील. तुम्ही हे तिथल्या बाकावर बसून वाचत असाल.

आज सुईबाईंनी दुसऱ्या टाकीच्या रक्ताचे आकडे फळ्यावर लिहिले. मीठ उतरलेलं. मासे सुस्त, खात नाहीत, रंगाने काळपट. मी वाचत होते आणि तुमचं पत्र माझ्या हातात उघडं होतं. सुस्त. खात नाही. काळवंडलीये. मी मावशीचं वर्णन फळ्यावर वाचत होते, काका.

माणसालाही कॉर्टिसॉल लागतं. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, तिथून ते येतं, आणि अंगात मीठ धरून ठेवणारं आणखी एक हार्मोन तिथूनच येतं. त्या ग्रंथी बंद पडल्या तर मीठ लघवीवाटे वाहून जातं. माणूस मिठासाठी वेडा होतो, रक्तदाब कोसळतो आणि उन्हाशिवाय कातडी काळी पडते. मी माणसांची डॉक्टर नाही. माझं चुकलेलं असू दे, मी तुम्हा सगळ्यांच्या पाया पडेन. पण तपासायलाच हवं.

पाकिटातला दुसरा कागद डॉक्टरांच्या हातात द्या. त्यावर सगळं लिहिलंय. सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल, तिन्ही आजच बघा म्हणावं. रक्तदाबाची पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. पथ्याचं मीठ फेकून द्या. खऱ्या मिठाचं कुलूप काढा.

मी येतेय.

—

१२ एप्रिल

मासोळे,

तू सहा दिवस राहून गेलीस, तेव्हा तिच्या उशाशी बसून बोलता आलं नाही. ती ऐकत असायची. म्हणून लिहितो.

तू पोचायच्या आधीचं तुला कुणी नीट सांगितलं नाही. त्या केस कापलेल्या डॉक्टरीणबाईंनी तुझा कागद वाचला, मावशीचे तळहात उलटे करून बघितले, हिरड्या बघितल्या, आणि पळतच गेल्या. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. दोन तासांनी तुझी मावशी डोळे उघडून म्हणाली, "मला भूक लागलीय." किती दिवसांनी म्हणाली! मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणी ओळखलं. मी म्हटलं, "आमची भाची. माशांची डॉक्टर." त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणखी दोन दिवस गेले असते तर त्या हाती लागल्या नसत्या." एरवी मी चारचारदा विचारतो, काय म्हणालात, काय म्हणालात. तेव्हा नाही विचारलं. नेमकं तेच स्पष्ट ऐकू आलं.

आता रोजच्या गोळ्या, जन्मभर. ती घरी आहे, जेवते, मला रागावतेसुद्धा. पण मी अजून दुकान उघडलेलं नाही. शटरला हात लावला की वाटतं, आपण काय केलं? बाईचा जीव मीठ मागत होता आणि मी चार लीव्हर लावत होतो. आणि वर फुशारकी मारली, तिच्याच समोर. तिला मी काही विचारलं नाही की का गं तुला एवढं मीठ लागतंय. चोर समजलो. मला स्वतःचीच लाज वाटते.

काका

—

१८ एप्रिल

काका,

कुलूप तुमचं होतं, पण माप मी दिलं होतं. "कुलूप काढू नका" हे माझे शब्द, माझ्या अक्षरात, तुमच्या खणात आहेत. आणि त्या पथ्याच्या मिठात पोटॅशियम होतं, तिच्या रक्तात ते आधीच चढलेलं. म्हणजे तुम्ही औषध अडवून ठेवलंत आणि मी विष सुचवलं. चार वर्षं मी दुसरं काही शिकले नाही, फक्त मीठ आत कसं येतं आणि बाहेर कसं जातं. तिने मला विचारलं होतं, माशाला मीठ खावंसं वाटतं का. मी त्यावर विनोद केला. रोज एकदा ते आठवतं आणि हातातलं काम थांबतं.

दहा तारखेला समुद्राचं पाणी सोडलं, फक्त पहिल्या टाकीत. तासाभरात मासे तोंड उघडून पाणी प्यायला लागले. सगळे तगले. दुसऱ्या टाकीचं औषध मी बंद केलं आणि त्यांचा समुद्र पुढे ढकलला. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, रक्त अजून जागेवर आलेलं नाही. ते खरंच होतं.

उद्या दुकान उघडा. तुम्ही घरी बसलात तर ती तुमच्याकडे बघून जेवणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

मासोळी

—

२७ एप्रिल

बाळे,

यांच्या खणातल्या तुझ्या चिठ्ठ्याचपाट्या मी वाचल्या. चोर म्हणून नाव झालंच आहे, आता कशाला भ्यायचं! वाचून दोघांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. एकाला घातला. दुकान उघडलंय यांनी मंगळवारपासून.

आता माझं ऐक. यांना वाटतं, चार लीव्हरचं कुलूप मला उघडलं नाही. आठ मिनिटांत उघडलं होतं. तेवढ्यात जिन्यावर यांची पावलं वाजली, म्हणून पुन्हा लावून टाकलं. हे आले, कुलूप ओढून बघितलं, आणि चेहरा असा फुलला की काय सांगू. ऐकू येईनासं झाल्यापासून गिऱ्हाईकं तुटली, लोक यांच्याशी बोलायचे टाळतात, मनातल्या मनात खचलेत. किती महिन्यांनी तो चेहरा बघितला मी. त्यानंतर पिन हातात घेतली नाही. तोंडाला पाणी सुटायचं, तरी नाही घेतली.

आणि तू. तू लिहिलंस, मिठातलं कळत असेल तर ते मला. मी म्हटलं, पोर एवढी शिकली, तिला कळतं तेच खरं. आपल्यालाच म्हातारपणी हाव सुटली. लाज वाटायची गं. गच्चीत ऊन खायला नव्हते जात मी, उभं राहवायचं नाही ते यांना दिसू नये म्हणून जात होते. मार्चमध्ये एकदा वाटलं, आता काही आपण उठत नाही. तेव्हा तुझ्या शाळेच्या वह्या आणि बाहुलीचं कपाट एका खोक्यात भरून बांधून ठेवलं. तुला कळवलं नाही. तुझी दहा तारीख होती.

तुम्ही दोघं आकड्यावर खूश होतात. रक्तदाब किती, वजन किती. तुला कसं वाटतंय, हे एकानेही विचारलं नाही. आणि मी आपणहून सांगितलं नाही. म्हणजे दोष तिघांत सारखा वाटून घ्या आणि विषय संपवा. एकेकट्याने सगळा खाऊ नका.

मावशी

—

४ मे

मावशे,

तुला कसं वाटतंय?

खरं लिही. कोरे कागद सोबत पाठवतेय, पुरले नाहीत तर आणखी पाठवीन.

—

११ मे

बाळे,

विचारलंस म्हणून लिहिते. हे दुकानात गेलेत, घर शांत आहे, वेळ आहे.

सकाळी उठले की आधी पलंगाच्या कडेला बसते, मग भिंत धरते, मग उभी राहते. अजून भीती वाटते. गोळ्या घेतल्या की तासाभराने अंगात जीव येतो. भूक लागते, इतकी की लाजायला होतं. तळहाताच्या रेषा थोड्या फिक्या पडल्यात. गुडघे दुखतात, पण ते आधीपासूनचं आहे, त्याचा माशांशी संबंध लावू नकोस.

दोनदा उगाच रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही. जगले म्हणून असेल.

जन्मभर गोळ्या म्हणाले ना, त्याचं मला काही वाटत नाही. एकटं पडायचं वाटतं. हे माझ्या आधी गेले तर या घरात माझ्याशी मोठ्यांदा बोलणारं कुणी उरणार नाही.

आणि तुझी आठवण येते. गेली सहा वर्षं रोज येते. प्रत्येक पत्रात मी लिहायची, घाई करू नकोस, काम बघ, आम्ही मजेत आहोत. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. तू सगळं टाकून धावत येशील म्हणून तसं लिहायची. आता मला कळतं, मी ठणठणीत आहे असं लिहून लिहून मरायला टेकले होते. पुन्हा तसं लिहायचं नाही असं ठरवलंय.

तेव्हा हे घे, साध्या शब्दांत. मी आजारी नाही, काही निमित्त नाही, दुपारचे तीन वाजलेत आणि मला तू हवी आहेस. ये.

मावशी